सत्कार पुरे, तारीख द्या

प्रति,
ठाणे, कल्याण, डोंबिवली परिसरातल्या संगीत मंडळांचे पदाधिकारी, महोत्सवांचे संयोजक आणि गृहसंकुलांच्या सांस्कृतिक समित्या यांस

सन्माननीय मंडळी,


मी घोडबंदर रोडवर पियानो शिकवते. आपल्यापैकी काहींशी गेल्या हिवाळ्यात माझं फोनवर बोलणं झालेलं आहे. एका ट्रान्सजेंडर पियानोवादिकेला आपल्या मंचावर एक संध्याकाळ द्यावी, एवढीच विनंती होती. कुणी रागावलं नाही, वावगं बोललं नाही. उलट सगळे फार गोड बोलले. एकांनी ‘आमचा प्रेक्षक फॅमिलीवाला आहे हो’ असं सांगितलं. दुसरीकडून ‘जूनमध्ये बघू, तो त्यांचा प्राइडचा महिना असतो ना’ असा मार्ग सुचवला गेला. आणखी एका ठिकाणी तर उत्साहच होता. महिला दिनाला शाल-श्रीफळ देऊन तिचा सत्कार करू, तिने आपल्या संघर्षाबद्दल दोन शब्द बोलावेत, आणि वेळ उरला तर एखादं छोटंसं काहीतरी वाजवावं.

या ‘वेळ उरला तर’मुळे हे पत्र लिहायला बसले. नाव कुणाचं घेणार नाही, कारण राग एका मंडळावर नाही. थोड्याफार फरकाने आपण सगळेच हे उत्तर देता.

तिचंही नाव इथे लिहीत नाही. ती मुलांच्या घरी जाऊन शिकवण्या करते, भाड्याच्या घरात राहते, आणि घरमालकाला आज जेवढं ठाऊक आहे तेवढंच राहावं असं तिला वाटतं. आपल्याला आधीच सगळं सांगावं हा आग्रह मात्र तिचाच. कार्यक्रम ठरल्यावर कुजबूज आणि आयत्या वेळी ‘हॉल मिळत नाही’ असा निरोप, हे तिने अनुभवलेलं आहे. कार्यक्रमपत्रिकेवर वादक म्हणून नाव छापलं जाणार असेल, तर ते छापायला तिची ना नाही.

ज्यांनी तिला ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पातलीपाड्याच्या पुढे एका संकुलाच्या क्लबहाउसमध्ये बेबी ग्रँड आहे. तिथे एका संध्याकाळी तिचा कार्यक्रम झाला. एरवी त्याच्यावर प्लास्टिकच्या फुलांची परडी असते. आपल्याकडची हवा खाडीची. पावसाळ्यात लाकूड फुगून पियानोचा स्वर चढतो, कोरड्या दिवसांत उतरतो, आणि वर्षभर कुणी हात लावला नाही तर तो शोभेची वस्तूच होऊन बसतो. त्या दिवशी ट्यूनर सकाळी येऊन गेला होता, तरी वरच्या सप्तकातली एक पट्टी दाबल्यावर आळसावून उठायची. तिने दुपारी तासभर वाजवून बघितलं, त्या पट्टीशी काय तडजोड करायची ते ठरवलं आणि तक्रारीचा शब्द काढला नाही.

पूर्वार्धात बाखचा शाकॉन होता, एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेला आणि बुसोनीने पियानोवर आणलेला. तो तिने दणक्यात वाजवला आणि टाळ्याही तशाच पडल्या. पण मला सांगायचं आहे ते उत्तरार्धाबद्दल. शुबर्टचा शेवटचा सोनाटा, बी फ्लॅट मेजरमधला. सप्टेंबर १८२८ मध्ये त्याने तो पुरा केला आणि १९ नोव्हेंबरला तो गेला, वय ३१. या सोनाट्याची सुरुवात अगदी शांत, गुणगुणल्यासारखी आहे. ते गुणगुणणं जेमतेम एक ओळ पुढे सरकतं आणि डाव्या हाताला पार खाली, खर्जात, दोन शेजारचे स्वर थरथरू लागतात. आम्ही त्याला ट्रिल म्हणतो. मग सगळं थांबतं, आणि जणू काही झालंच नाही अशी तीच धून पुन्हा सुरू होते. शुबर्टने इथे अतिशय हळू वाजवा असं लिहून ठेवलं आहे. पुष्कळ वादकांना ते जमत नाही. इतक्या खाली इतकं हळू वाजवायचं तर पट्टी वर यायच्या आत बोटांनी तिला परत पकडावं लागतं, आणि जरा ताकद जास्त झाली की ढग गडगडल्यासारखं वाटतं. तिने ती ट्रिल अशी वाजवली की बाहेर मेट्रोच्या खांबांखालून जाणाऱ्या कंटेनरची घरघर कुठली आणि पियानोची कुठली, हे कळायला कान टवकारावे लागले. आणि तिथल्या सगळ्यांनी ते टवकारले. माझ्या शेजारच्या आजोबांनी चॉकलेटचा कागद अर्धा सोडवून तसाच मुठीत धरून ठेवला होता.

दुसऱ्या भागात डावा हात उजव्या हातावरून उड्या घेत खालच्या सप्तकातून वरच्या सप्तकात जातो, आणि मधल्या मध्ये उजव्या हाताचं गाणं तुटू द्यायचं नसतं. ती आळसावलेली पट्टी बरोबर या वाटेत होती. तिथे तिने पेडल किंचित आधी घेतलं. ऐकणाऱ्याला काही कळलं नसेल. मला कळलं, कारण तोच पियानो माझे विद्यार्थी वाजवतात आणि त्याच पट्टीवर अडखळतात.

मध्यंतरात मागच्या रांगेतून एक वाक्य आलं : ‘वाजवते छान, पण हात मात्र पुरुषी.’ बोलणाऱ्यांना ती दादच वाटत होती, म्हणून तिथे काही बोलले नाही, आता बोलते. पियानोवरचं एक सप्तक साधारण साडेसोळा सेंटिमीटरचं. राखमानिनोव्हचा पंजा प्रचंड होता, हे खरं. आणि बार्सिलोनाची आलिसिया दे लारोचा चणीने इतकी लहान, हात इतके छोटे, की ती मोठ्या रचना कशी पेलते याचंच लोकांना नवल वाटायचं. तरी आल्बेनिसचं ‘इबेरिया’ म्हटलं की आजही आधी तिचं नाव निघतं. हाताची मापं काढायची तर सगळ्यांची काढा. नाहीतर कुणाचीच नको.

आणखी एक गोष्ट आपल्यापैकी जे आले होते त्यांना खटकली, असं कानावर आलं. ती प्रेक्षकांशी एक अक्षर बोलली नाही. नमस्कार केला, बसली, वाजवलं, नमस्कार केला, गेली. याला शिष्टपणा म्हणू नका. वयात येताना टेस्टोस्टेरॉनने स्वरतंतू एकदा जाड झाले की नंतर स्त्री-हार्मोन्स घेऊन ते पुन्हा बारीक होत नाहीत. सराव करून बोलण्याची ढब बदलावी लागते. माइकवर पहिला शब्द उच्चारला की सभागृहात जी चुळबुळ होते ती तिला वाजवण्याआधी नको असते. उलट्या दिशेने जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी आणि गवयांसाठी फार अवघड. बंगळुरूचे रूमी हरीश हिंदुस्तानी संगीतातले जाणकार गायक, ट्रान्स पुरुष. हार्मोन्सनंतर त्यांचा आवाजच बदलला आणि अनेक वर्षांच्या तालमीच्या गळ्याची ओळख पुन्हा नव्याने करून घ्यावी लागली. गायकाच्या बाबतीत ‘आवाज बसतोय का ते बघू’ असं म्हणायला आपल्याला निदान जागा असते. पियानोवादकाच्या बाबतीत तीही नाही. तार तीच, हातोडी तीच, बोटंही तीच.

बोटं तीच असूनही दारं कशी बंद होतात, याचं अलीकडच्या काळातलं सगळ्यात स्पष्ट उदाहरण अमेरिकेतलं आहे. सारा डेव्हिस ब्यूकनर, जन्म १९५९, बाल्टिमोर. तेव्हाचं नाव डेव्हिड. १९८४ मध्ये गीना बाखाउअर स्पर्धेचं सुवर्णपदक, १९८६ मध्ये मॉस्कोच्या चायकोव्स्की स्पर्धेत बक्षीस, न्यूयॉर्क फिलहार्मोनिक, फिलाडेल्फिया, क्लीव्हलँड अशा वाद्यवृंदांबरोबर वादन. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिने सारा म्हणून जगायला सुरुवात केली आणि कार्यक्रम आटले. फोन यायचे थांबले. पुढे २०१३ मध्ये तिने ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये हे सगळं स्वतः लिहिलं. जगप्रसिद्ध स्पर्धांची विजेती ब्रॉन्क्समध्ये लहान मुलांच्या संगीतशाळेत शिकवत होती. (मुलांना शिकवणं हलकं काम, असं मी तरी म्हणणार नाही.) २००३ मध्ये व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाने तिला नोकरी दिली, २०१६ मध्ये फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठाने. बुसोनीच्या संपादनातली बाखची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ तिने ध्वनिमुद्रित केली आहेत. ती ऐकून वादक पुरुष की बाई हे कुणी सांगून दाखवलं, तर त्याला माझ्याकडून जेवण.

त्याच्याही आधीची वेंडी कार्लोस. १९६८ मध्ये मूग सिंथेसायझरवर बाख वाजवून तिने ‘स्विच्ड-ऑन बाख’ ही तबकडी काढली. तीन ग्रॅमी मिळाले, खपाचा विक्रम झाला. तबकडीवर नाव वॉल्टर होतं, प्रत्यक्षात ती लवकरच बाई म्हणून जगू लागली. मग लोकांसमोर वाजवायची वेळ आली की पुरुषी विग घालायचा, खोटे कल्ले चिकटवायचे आणि भुवयांच्या पेन्सिलीने गालावर दाढीचे खुंट काढायचे. १९७९ मध्ये तिने जाहीर सांगितलं तेव्हा हा खेळ संपला. आपल्याकडे महिला दिनाला कलावतीने संघर्षाची कहाणी सांगावी असा जो आग्रह असतो, तोही मला या पेन्सिलीच्याच जातीचा वाटतो. तिथे दाढी रंगवावी लागली, इथे दुःख रंगवून दाखवावं लागतं. वाजवण्याआधी काहीतरी चेहऱ्यावर चोपडून या, ही अट कायमच.

आता आपल्या ठाण्याकडे येते. ट्रान्सजेंडर कार्यकर्त्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी ठाण्याच्या. त्यांनी भरतनाट्यमचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं आहे, याच शहरात नृत्य शिकवलेलं आहे. आपल्या मंचांवर त्यांचं भाषण, सत्कार, दीपप्रज्वलन, मुलाखत यातलं काही ना काही आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिलं असेल. तिकीट काढून त्यांचं भरतनाट्यम पाहिलेलं किती जणांना आठवतं? मला आठवत नाही. दक्षिणेकडे नर्तकी नटराज यांना तंजावर परंपरेच्या किट्टप्पा पिळ्ळैंनी शिष्या म्हणून घेतलं, त्या नाचत राहिल्या, आणि २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली ती त्या नाचासाठी. कर्नाटकात जोगती नृत्य करणाऱ्या मंजम्मा जोगती यांना २०१९ मध्ये राज्याच्या जानपद अकादमीचं अध्यक्षपद दिलं गेलं, पद्मश्रीही झाली. जोगती नृत्य आपल्याला परकं नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या वाटेवर कोल्हापूर-सांगलीकडच्या जोगत्यांचं चौंडकं पिढ्यान्‌पिढ्या वाजतं आहे. त्यावर राजन गवसांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या आल्या, ‘जोगवा’ चित्रपट आला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. गोष्टी आपण आवडीने वाचल्या, गाणी दिवाळी पहाटेला हमखास घेतो. चौंडकं वाजवणाऱ्याला मात्र दिवाळी पहाटेचं बोलावणं नसतं.

इथे कुणीतरी बालगंधर्वांचं नाव काढेल. दर वेळी निघतं. ‘अहो, आपल्या महाराष्ट्राने तर बालगंधर्व डोक्यावर घेतले!’ घेतले, आणि रास्तच घेतले. पण ते नारायणराव राजहंस होते. प्रयोग संपला, रंग उतरला की घरी जाताना ते पुरुषच होते आणि प्रेक्षकाची झोप उडत नव्हती. त्यांच्या नावाने आपण मोकळं मन सिद्ध करतो, आणि रंग उतरल्यावरही बाईच असलेल्या कलावतीला दारात उभं करतो. कृपा करून हा दाखला काही वर्षं कपाटात ठेवा.

माझं मागणं फार नाही. पहिलं आणि मुख्य : तिला नेहमीच्या मोसमात घ्या. जूनच्या महिन्यात नको, महिला दिनाला नको, ‘विशेष’ कार्यक्रमात नको. पालिकेचा पं. राम मराठे महोत्सव असो, कल्याण गायन समाजाची बैठक असो की डोंबिवलीतली एखादी संध्याकाळ, जिथे एरवी सतार आणि ख्याल ऐकला जातो तिथे दोन तास पियानो ठेवा. पाश्चात्त्य संगीत आपल्या चौकटीत बसत नाही म्हणालात तर मला पटेल, वाईटही वाटणार नाही. पण मग मागच्या वर्षी परदेशी पियानोवादकाला बोलावताना ही चौकट कुठे गेली होती, तेही सांगावं लागेल.

निवेदकाला आधी समज द्या. नाव, गुरू, रचना, बस्स. ‘समाजाच्या मुख्य प्रवाहात’, ‘निसर्गाने अन्याय केला तरी’, ‘आपण सारे त्यांना स्वीकारूया’ या छापाचं काही बोलायचं नाही. सतारवादकाची ओळख करून देताना त्याच्या शरीराबद्दल बोलत नाही, तोच नियम.

ग्रीनरूम आणि स्वच्छतागृह. हा विषय काढला की सगळे अवघडतात, म्हणून स्पष्ट लिहिते. नाट्यगृहात रंगपटाच्या दोन खोल्या असतात, बाहेर ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’ पाट्या. ती बाई आहे, ती बायकांच्या खोलीत जाईल. ‘व्यवस्थापक काय म्हणतील’ हा प्रश्न व्यवस्थापकांना आपण आठवडाभर आधी विचारा, तिने कार्यक्रमाच्या दिवशी साडी हातात घेऊन विचारायचा नाही. क्लबहाउसच्या त्या कार्यक्रमाला ती घरूनच तयार होऊन, रिक्षाने, मानपाड्याची वाहतूक सोसत आली होती. कुणी तिला अडवलं नसतं कदाचित. तिने विचारण्याचाच प्रसंग टाळला.

मानधन द्या, आणि ते इतरांना देता तेवढंच द्या. ‘हिला व्यासपीठ मिळतंय’ हे मानधन नव्हे. पियानो भाड्याने आणणं, हमाली, ट्यूनिंग यांचा खर्च मोठा आहे, मला माहीत आहे. तो वादकाच्या पाकिटातून कापून घ्यायचा नसतो. ओळखपत्र आणि बँकखात्यावरचं नाव वेगळं असेल तर धनादेश कुणाच्या नावे काढायचा ते तिला एकांतात विचारा. एका ठिकाणी तिचं जुनं नाव सगळ्या समितीसमोर मोठ्याने वाचून दाखवलं गेलं होतं. वाचणाऱ्यांच्या मनात काही नव्हतं. तिच्या मनात ते अजून आहे.

कायद्याचा धाक घालायची मला हौस नाही, पण आपल्या फायलीत असावं म्हणून लिहिते. नालसा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी ट्रान्सजेंडर व्यक्तींचे हक्क मान्य करणारा निकाल दिला. त्यानंतर २०१९ मध्ये संसदेने जो कायदा केला, त्यात भेदभावाला बंदी घातलीच, शिवाय सांस्कृतिक कार्यक्रमांत सहभागी होण्याच्या हक्काची जबाबदारी सरकारवर टाकली. पालिकेच्या अनुदानातून महोत्सव करणाऱ्यांनी ते कलम एकदा नजरेखालून घालायला हरकत नाही.

आणि ‘फॅमिली ऑडियन्स’. माझ्या वर्गातली मुलं याच रस्त्यावरच्या टॉवरांमधून येतात. ग्रेडच्या परीक्षा देतात, आईबाप फीसाठी हजारो रुपये मोजतात आणि परीक्षा झाली की पियानोवर कपडे वाळत घालतात. यातल्या बऱ्याच मुलांनी आयुष्यात ट्रान्सजेंडर व्यक्ती पाहिली आहे ती कापूरबावडीच्या सिग्नलला, गाडीची काच वर जाताना. त्या संध्याकाळी माझ्या वर्गातली काही मुलं क्लबहाउसमध्ये आली होती. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या एकीने विचारलं, ‘टीचर, ती खालची ट्रिल कुठल्या बोटांनी वाजवली?’ दुसऱ्याला शंका होती की पेडल अर्धं दाबता येतं का. याहून वेगळा प्रश्न मला कुणीही विचारला नाही. विचारला असता तरी उत्तर दिलं असतं. फॅमिलीतल्या लहानांची अडचण नाही, असा माझा अनुभव आहे. मोठ्यांची असेल तर ती आपण त्यांनाच विचारून पाहा, त्यांच्या वतीने आधीच ठरवू नका.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी यांतल्या कुठल्याही शनिवारी ती येऊ शकते. कार्यक्रम दीड तासाचा, मध्यंतर धरून. शुबर्टचा तोच सोनाटा आणि त्याआधी बाख किंवा शोपँ, आपण म्हणाल ते. पियानो चांगल्या अवस्थेत हवा, दोन दिवस आधी एकदा आणि त्या दिवशी सकाळी एकदा ट्यूनिंग हवं. ट्यूनरशी बोलायचं काम मी करते. पान आणि नारळ नसले तरी चालेल.

आपलं उत्तर दिवाळीच्या आत यावं, म्हणजे तिला इतर शिकवण्यांच्या वेळा लावता येतील. ‘हो’ असेल तर आनंद आहे. ‘नाही’ असेल तर कारणासकट लेखी कळवावं. ‘बघू’ मात्र नको.

आपली नम्र,
एक पियानो शिक्षिका
घोडबंदर रोड, ठाणे (पश्चिम)